भिंतीचा ब्रॅकेट, ताणतारांचा मास्ट की जमिनीवरचा टॉवर?

घरी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारक रेडिओची, अँटेना उभारायची म्हटलं की बोलणं उंचीपासून सुरू होतं. त्याआधी ठरवायचं असतं ते हे, की वाऱ्याचा जोर शेवटी कोण झेलणार: भिंत, गच्चीचा स्लॅब की जमिनीतलं काँक्रीट. निवड त्यावरूनच करावी.

जोर किती असतो ते आधी पाहा. आयएस 875 भाग 3 या इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, पुण्यासाठी 39. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केलं की दाब न्यूटनमध्ये निघतो, त्याला 9.81 ने भागलं की किलोत: मुंबईत चौरस मीटरला साधारण 118 किलो, पुण्यात 93. पुढचे आकडे मुंबईचे आहेत.

जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन ब्रॅकेट आणि त्यात दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. इथे महत्त्वाचं माप एकच, वरच्या ब्रॅकेटच्या वर पाइप किती मोकळा आहे ते. या पाइपचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी, जाडी 3.6 मिमी. तो 6 मीटर मोकळा सोडला तर अँटेना नसतानाही नुसत्या स्वतःच्या अंगावरच्या वाऱ्याने वाकायच्या बेताला येतो. 3 मीटर मोकळा ठेवला तर वाऱ्यासमोर 0.3 चौरस मीटर पृष्ठभाग येणारी अँटेना जेमतेम निभावते, म्हणून अडीच मीटरवर थांबलेलं बरं. दोन ब्रॅकेटमध्ये निदान 1.2 मीटर अंतर हवं. तेवढं असलं तर तीन मीटरच्या त्या पाइपची वरच्या ब्रॅकेटवर 180 किलोच्या आसपास ओढ येते. अंतर 60 सेंमीवर आणलं की तीच 300 किलोवर जाते. साडेचार इंची विटांच्या भिंतीत रावळ प्लग ठोकून हे धरत नाही. बोल्ट आरपार घाला आणि आतून प्लेट द्या. व्हीएचएफ-यूएचएफच्या उभ्या अँटेनेसाठी एवढं पुरे, यागी (एका दिशेने रोखायची आडव्या दांड्यांची अँटेना) आणि तिला फिरवणारा रोटेटर यांच्यासाठी नाही.

9 मीटर उंची हवी असेल तर गच्चीवर ताणतारांचा मास्ट, म्हणजे चहूबाजूंच्या तारांनी ताणून उभा ठेवलेला पाइपचा खांब. हॅम मंडळी या तारांना गाय वायर म्हणतात. पाइप 6 मीटरचे मिळतात, त्यामुळे एक जोड येतोच. आटे पाडलेला सॉकेट वापरू नका: आट्यांमुळे पाइपची जाडी तिथेच कमी होते आणि तो मोडतो तिथेच. दीड इंची पाइप दोन इंचीत 60 सेंमी आत घाला. मध्ये जवळजवळ 5 मिमी ढिलाई राहते. ती शिमने (पत्र्याच्या पातळ पट्टीने) भरून दोन आरपार बोल्ट लावा. तारा दोन पातळ्यांवर, अंदाजे 4.5 आणि 8.5 मीटरला, दर पातळीला तीन, 120 अंशांवर.

खरी अडचण जागेची असते. तारेचा पाय मास्टपासून उंचीच्या 60 टक्के अंतरावर हवा. 9 मीटरला 5.4 मीटर, म्हणजे गच्ची 9.4 बाय 8.1 मीटर मोकळी पाहिजे. 70 किलोचा आडवा जोर आला तर या अंतरावर तारेत 135 किलोचा ताण येतो आणि पायातला बोल्ट सुमारे 115 किलोंनी वर उपटला जातो. जागा नाही म्हणून अंतर निम्मं केलं तर ताण 240 च्या पुढे. लहान बंगल्यांच्या गच्च्या बहुतेक इथेच बाद होतात.

तो बोल्ट कशात बसतो, याकडे फार थोडे लोक बघतात. आपल्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असतो, बहुधा चार इंच किंवा जास्त. 100 मिमीचा अँकर फास्टनर ठोकला की तो अख्खा कोब्यातच राहतो, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. वर गळतीची तक्रार ठेवलेलीच. विटांचा कठडाही चालत नाही. आरसीसी कॉलमचा वर आलेला भाग किंवा बीम शोधा. तसं काही नसेल तर हा पर्याय सोडा.

6 मिमी वायर रोपला टोकाला थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबणीची कडी) आणि तार सॅडल व यू-बोल्टमध्ये आवळणाऱ्या तीन बुलडॉग क्लिपा, 40 मिमी अंतराने. क्लिपेचं सॅडल भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर आला पाहिजे. उलटा लावला तर यू-बोल्ट कामाचीच तार चेपतो. टर्नबकल (तार फिरवून ताणायचा स्क्रू) ताणून झाला की त्याच्या पोटातून तार ओवून बांधा, नाहीतर वाऱ्याच्या कंपाने तो हळूहळू उलगडतो.

स्वतःची जमीन आहे आणि 12 मीटरवर यागी फिरवायची आहे, तर जाळीचा स्वयंआधारित टॉवर घ्या. तारा नाहीत, जागा कमी लागते, पण सगळा जोर पायावर येतो. 0.5 चौरस मीटरची अँटेना 12 मीटरवर पायाशी 700 किलो-मीटरचा उलथवणारा जोर देते, टॉवरच्या सांगाड्यावरचा वारा वेगळा. 1.2 मीटरच्या चौकोनी ठोकळ्याचं वजन सव्वाचार टनांच्या आत भरतं. तेवढं पुरेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. अँकर बोल्ट टेम्प्लेटमध्ये (भोकं पाडलेल्या प्लेटमध्ये) धरूनच काँक्रीट ओता आणि 28 दिवस टॉवर चढवू नका. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हॉट-डिप गॅल्व्हनाइजिंग हवंच, तेही वेल्डिंग झाल्यावर केलेलं. आधी केलेलं असेल तर वेल्डभोवतीचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो.

टॉवर बिजागरीवर आडवा होणारा मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या. अँटेनेची दुरुस्ती दर दोन-तीन वर्षांनी निघतेच, आणि साध्या टॉवरला प्रत्येक वेळी कोणीतरी वर चढतं. चढणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन लॅनयार्ड (टॉवरला अडकवायचे सुरक्षा दोर) लागतात, त्यातलं एक कायम अडकलेलं, खाली हेल्मेट घातलेला माणूस, ट्रान्समीटर बंद. आडव्या होणाऱ्या टॉवरला हे सगळं टळतं, पण विंचच्या दोरावर सगळ्यात जास्त ताण टॉवर आडवा असतानाच येतो, म्हणून दोर आणि ब्रेक त्या हिशेबाने घ्या.

विजेची लाइन जवळ असेल तर वरचं काहीही वाचू नका, आधी अंतर मोजा. मास्ट आणि अँटेना मिळून जी लांबी होते, तिच्यात 3 मीटर मिळवा. तेवढ्या अंतरात महावितरणची तार असेल तर त्या जागी काहीच उभारू नका. पडताना मास्ट कोणाचं ऐकत नाही, आणि धरलेली माणसं सोडून द्यायच्या आत करंट लागलेला असतो.

विमानतळाच्या आसपास असाल तर उंचीची एनओसी विमानतळ प्राधिकरणाकडून घ्या. सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू करण्याआधी हातात असू द्या.

अर्थिंग तिन्हींना सारखंच: मास्टपासून पट्टी सरळ खाली, तीव्र वळणं न देता, आणि अँटेनेचा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) घराच्या अर्थला जोडलेला. दोन्ही वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक रेडिओतून वाट काढतो. काम मार्चपर्यंत उरका. वळवाच्या विजा एप्रिलमध्येच सुरू होतात. मे संपायच्या आत क्लिपा आणि नट पुन्हा आवळा, पाइपचं वरचं तोंड बंद आणि तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा.