क्रोएशियातली छोटी क्रूझ : बोट स्वस्तातली चालेल, केबिन मात्र वरची घ्या

आधी मत सांगून टाकते. तीस-चाळीस प्रवाशांची क्रोएशियन बोट, स्प्लिटहून शनिवारी निघून आठवडाभर बेटं फिरवणारी, हा कमी पैशात भूमध्य समुद्र बघायचा सगळ्यात चांगला प्रकार आहे, आणि हे मी दोन-तीन गोष्टींवर चांगलीच वैतागून आलेली असूनही म्हणतेय. बोटीचं नाव देत नाही कारण त्या तक्रारी त्या एकाच बोटीच्या नाहीत, त्या वर्गातल्या जवळपास सगळ्याच बोटींना लागू होतील.

छोटी क्रूझ असं गुगलवर टाकलं की काय वाट्टेल ते समोर येतं. पहिल्यांदा दिसतात त्या शिडाच्या सुंदर बोटी, रॉयल क्लिपर वगैरे, पाच डोलकाठ्या, बेचाळीस शिडं, 227 प्रवासी, फोटो बघूनच जीव जातो पण भाडं बघितलं की परत येतो. विंडस्टार कंपनीच्या 148 प्रवाशांच्या बोटी पण तशाच, छान आहेत, स्वस्त नाहीत. दुसऱ्या टोकाला तुर्कस्तानातली लाकडी गुलेट. फेथियेहून ओलिंपॉसकडे जाणारी तीन रात्रींची ट्रिप केबिन घेऊन करता येते, अख्खी बोट घ्यावी लागत नाही, तिन्ही वेळचं जेवण त्यात असतं आणि या सगळ्यात खिशाला हलकी तीच. पण रात्री मुक्काम खाडीत नांगर टाकून, गावं फार लागत नाहीत, आणि केबिनमधे इतकं उकडतं की बरेच जण डेकवरच गादी टाकून झोपतात. पोहणं आणि लोळणं एवढंच करायचं असेल तर डोळे मिटून गुलेट घ्या. ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांवर जुलै-ऑगस्टमधे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, छोट्या बोटीला तो चांगलाच झोडपतो, ज्यांना बोट लागते त्यांनी त्या दोन महिन्यांत तिकडे जाऊच नये. शिवाय जुलै 2025 पासून सँतोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशांवर ऐन सीझनमधे माणशी 20 युरोचा कर आहे.

म्हणून क्रोएशिया. बेटांच्या रांगा किनाऱ्याला समांतर आहेत त्यामुळे बोट बहुतेक वेळ आडोशातून जाते, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला तीन-चार तास पुरतात, आणि रात्र धक्क्यावर. दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सकाळी नाश्ता होतो तोवर इंजिन सुरू झालेलं असतं, अकराच्या सुमारास एखाद्या खाडीत थांबून सगळे पाण्यात उड्या मारतात, मग जेवण, आणि दुपारी कुठल्यातरी गावात बोट लागते ती दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच. मोठ्या क्रूझची माणसं संध्याकाळी पाच वाजता घड्याळ बघत परत पळत असतात, तेव्हा तुमची संध्याकाळ सुरू होत असते. कोर्चुला बेटावरचं जुनं गाव रात्री दहाला रिकामं झाल्यावर फिरा. माशाच्या काट्यासारख्या गल्ल्या आहेत, वाऱ्याचा हिशोब करून तशा काढलेल्या, आणि तिथली पोशिप ही पांढरी वाइन कुठल्याही साध्या खानावळीत ग्लासवर मिळते.

आता केबिन. लोक बोटीचा वर्ग बघत बसतात, ट्रॅडिशनल का प्रीमियम का डिलक्स, आणि ट्रॅडिशनल ते डिलक्स फरक कधीकधी दुप्पट भाड्याचा असतो. माझं म्हणणं, तो फरक बोटीवर घालवू नका, त्यातला थोडा भाग केबिनच्या जागेवर घाला. खालच्या डेकच्या केबिनला गोल खिडकी असते ती पाण्याच्या जरा वर, बोट चालू असताना ती उघडता येत नाही. मागच्या बाजूला असाल तर इंजिनचा आवाज, पुढे असाल तर सकाळी नांगराची साखळी डोक्याशी खडखडते. त्यापेक्षा वाईट म्हणजे शेजारच्या बोटींचे जनरेटर. बंदरात जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना चिकटून लावतात, सहा-सहा, सात-सात, आणि तुम्हाला धक्क्यावर जायचं तर बाकीच्यांच्या डेकवरून ‘सॉरी सॉरी’ करत जायचं. त्यात गंमत आहे, मला आवडलं ते, शेजारच्या बोटीवरच्या लोकांशी ओळखी होतात. पण मधल्या बोटीत खालची केबिन असेल तर खिडकीबाहेर शेजारच्या बोटीची भिंत आणि दोन्हीकडचा डिझेलचा वास. वरची किंवा मेन डेकची केबिन घेतली की दार थेट बाहेर उघडतं आणि हे निम्मं दुखणं जातं. आमच्या बोटीवर एसी रात्री ठरावीक वेळेनंतर बंद व्हायचा, हे बुकिंगच्या कागदात कुठेच नव्हतं, खालची मंडळी रात्री बाराला डेकवर येऊन बसायची. हा माझा राग नंबर एक.

राग नंबर दोन, ह्वार. रूटवर लिहिलेलं ‘ह्वार बेट’ आणि आम्ही सगळे ह्वार गावाची स्वप्नं बघत होतो, प्रत्यक्षात रात्रीचा मुक्काम बेटाच्या दुसऱ्या बाजूला स्तारी ग्रादला. आता स्तारी ग्राद वाईट नाहीये, उलट शांत आहे, ग्रीकांनी इसवी सनपूर्व 384 साली वसवलेलं गाव, शेजारचं मैदान युनेस्कोच्या यादीत आहे, पण ज्यांना ह्वारच्या किल्ल्यावरून सूर्यास्त बघायचा होता त्यांनी टॅक्सीला पैसे घातले. हवेमुळे कॅप्टन मार्ग बदलू शकतो हे सगळीकडेच लिहिलेलं असतं आणि ते योग्यच आहे, बुरा नावाचा तिथला जोरदार वारा सुटला की ऐकावंच लागतं. पण हवा स्वच्छ असतानाही असं होतं, कारण धक्क्यावर जागा मिळत नाही. त्यामुळे बेटाचं नाव वाचू नका, बंदराचं नाव विचारा. दुब्रोव्निकलाही तेच, बोट ग्रूझ बंदरात लागते, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर, बसने जायचं. बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेचं तर गृहीतच धरू नका, समुद्र जरा खवळला की बंद.

जेवणाबद्दल. हाफ बोर्ड म्हणजे इथे नाश्ता आणि दुपारचं जेवण, रात्री आपलं आपण. सुरुवातीला हे कंजूषपणाचं वाटतं पण मला तेच बरं वाटलं, नाहीतर गावात उतरून फक्त फोटो काढून परत बोटीवर जेवायला जायचं. आमचा स्वयंपाकी एकटा सगळं करायचा, सूप, मासे, रिसोट्टो, ब्लित्वा म्हणजे बटाटे घालून केलेली पालेभाजी, साधं पण गरम आणि भरपूर. शाकाहारी मंडळींनी आधी लेखी कळवावं, तरीसुद्धा पास्ता आणि ब्लित्वा यांच्यावर प्रेम करायची तयारी ठेवावी. एक रात्र कॅप्टन्स डिनर, त्यात गाणी, त्याबद्दल जास्त बोलत नाही. क्रू पाच-सहा जणांचा, इतके कष्टाळू लोक मी क्वचित पाहिलेत, शेवटी टिप मनापासून दिली.

पैशाचं म्हणाल तर साध्या वर्गात माणशी आठवड्याला साधारण हजार युरोच्या आसपास, सीझनप्रमाणे खालीवर. पण तो आकडा अर्धाच खर्च आहे. पोर्ट टॅक्स बोटीवर वेगळा भरायचा, पाण्याच्या बाटलीपासून बिअरपर्यंत सगळं बारच्या वहीत, बाहेरून आणलेलं पेय बोटीवर चालत नाही किंवा त्याचे पैसे लावतात, आणि शेवटच्या दिवशी हिशोब बऱ्याचदा रोखीत. रात्रीची जेवणं. म्ल्येत बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट. दुब्रोव्निकच्या तटबंदीवर चढायचे चाळीस युरोच्या घरात. एकट्याने जाणाऱ्यांना सिंगल सप्लिमेंट म्हणजे केबिन एकट्याने वापरायचं जादा भाडं, ते कधीकधी भाड्याच्या निम्मं असतं. हे सगळं धरूनही जुलैत ह्वार, कोर्चुला, दुब्रोव्निकला हॉटेलं घेऊन फेरीने फिरण्यापेक्षा स्वस्त पडेल असं मला वाटतं, आणि रोज बॅग उचलायची नाही हा फायदा पैशात मोजताच येत नाही. मेमधे फेऱ्या स्वस्त असतात पण पाणी थंड, सप्टेंबरमधे पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि गर्दी उतरलेली, मी सप्टेंबरच सांगेन.

व्हिसाचं एक. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून युरोतही आहे आणि शेंगेनमधेही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, त्यामुळे काम सोपं झालंय. पण काही रूट माँटेनेग्रोतल्या कोतोरला जातात, ते शेंगेनच्या बाहेर, सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परत येताना पंचाईत. स्प्लिट ते दुब्रोव्निक एकेरी क्रूझ घेतली आणि बसने परतायचं असेल तरी हे लक्षात ठेवा, पूर्वी ती बस बोस्नियातल्या नेउममधूनच जायची, 2022 मधे पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येतं, फक्त आपली बस पुलावरून जाणारी आहे ना ते तिकीट काढताना विचारायचं.

गुडघे दुखणाऱ्यांना मी ही बोट सुचवणार नाही. जिने शिडीसारखे उभे आहेत, लिफ्ट नाही, आणि फळीवरून उतरताना हात द्यायला कोणी असेलच असं नाही. लहान मुलांनाही काही बोटी घेतच नाहीत.

बुक करायच्या आधी एजंटला एक मेल टाका. केबिन कुठल्या डेकवर आणि इंजिनपासून किती लांब, एसी रात्रभर चालतो का, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाच्या बंदराचं नाव, पोर्ट टॅक्स किती, आणि बार कार्ड घेतो का. नीट उत्तर आलं तर ट्रॅडिशनल वर्गातली बोटसुद्धा बिनधास्त घ्या. ‘ऑन बोर्ड सांगू’ असं आलं तर दुसरी बघा, स्प्लिटच्या धक्क्यावर दर शनिवारी बोटींची रांग लागलेली असते.