मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन: ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

उत्तर पेशवाईतल्या पात्राच्या तोंडी शब्द घालण्याआधी तो इथे तपासावाच. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती मोफत शोधता येते. शोधताना जुनं लेखन लक्षात ठेवा: 'करणे' नव्हे, 'करणें'. अनुस्वार विसरला तर असलेला शब्दही निसटू शकतो. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे संस्कृत, फारसी, अरबी मूळ दाखवणारी आद्याक्षरं. कारकुनाची आणि भटजींची बोली वेगळी राखायला त्यांचा फार उपयोग होतो. शिवकाळासाठी मात्र एवढ्यावर विसंबू नये. तेव्हाची दरबारी मराठी कितीतरी फारसीमिश्रित होती, तिथे समकालीन पत्रंच वाचावीत. आणि कोशात नसलेला शब्द तेव्हा नव्हताच, असं मुळीच समजू नका.