स्पोकन इंग्लिश क्लास, तीन स्टार, तेपण मॅडममुळे

नव्या पेठेजवळच्या एका क्लासला दोन महिने स्पोकन इंग्लिश केलं, संध्याकाळी सातची बॅच, फी 4500 एकरकमी. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

पहिल्या महिन्यात जे सर होते ते इडियम्स म्हणजे फळ्यावर लिहायचं, खाली अर्थ लिहायचा, पाठ करा, संपलं. एकदा लिहिलं 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', शब्दशः अर्थ भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नका, आणि खरा अर्थ फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नका. मी विचारलं सर तोंडातच का, पाय बघू नका असं का नाही? तर म्हणे इडियम असंच असतंय, लॉजिक शोधू नका.

माझ्या बाजूला सांगोल्याचा एक जण बसायचा, तो हळूच म्हणाला काय बे, बैल घेताना दात बघत नाहीत का? त्याच्या घरी खिलार आहेत. आदत म्हणजे दुधाचेच दात, दुसा म्हणजे दोन पक्के आले, मग चौसा, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. बाजारात विकणारा वय काहीही सांगू दे, घेणारा आधी जबडा उघडतोय. आणि हे सगळे दात खालचे बरं का, बैलाला पुढचे वरचे दात नसतातच, घोड्याला खालीवर दोन्हीकडं असतात एवढाच फरक. माझ्या डोक्यात तिथंच बत्ती पेटली, कारण आमची आजी कायम म्हणायची 'धर्माची गाय आणि दात का गं नाय'. म्हणजे तीच गोष्ट की ओ! तिकडं घोडा, इकडं गाय.

दुसऱ्या महिन्यात मॅडम आल्या आणि मजा आली. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी अख्खा तास त्यावरच घेतला, बाकीचा सिलॅबस बोंबलला पण कोणाला वाईट नाही वाटलं. ही म्हण 1546 च्या इंग्रजी म्हणींच्या पुस्तकात सापडते म्हणाल्या. घोड्याचे पुढचे सगळे पक्के दात साधारण पाचव्या वर्षापर्यंत येतात, पुढं दात किती झिजलेत त्यावरून अंदाज करायचा, आणि म्हातारपणी हिरड्या मागं सरकून दात लांब दिसतात म्हणून वय झालेल्या माणसाला 'लाँग इन द टूथ' म्हणतात. 'फ्रॉम द हॉर्सेस माउथ' मात्र दातांतलं नाही, रेसच्या टिपमधलं आहे, थेट आतल्या गोटातली खबर, जणू घोड्यानंच सांगितलीय. आता ह्यातलं एकपण पाठ करावं लागलं नाही.

आता तक्रार. नोट्सच्या झेरॉक्समध्ये 17 ते 24 पानं गायब, नेमकी टेन्सची. काउंटरवर सांगितलं तर ताई म्हणतात, "नोट्स फ्री आहेत ओ दादा, त्यात काय बघायचं एवढं." आली का धर्माची गाय! अहो पण 4500 मोजलेत, पावती आहे, विकत घेतलेल्या घोड्याचे दात बघणारच की मी. दोनदा आठवण केली, पानं काही आली नाहीत, शेवटी सांगोलकराच्या वहीतून उतरवून घेतली.

खोली बारकी आहे, चाळीस जण कोंबतात. लावायची असेल तर मॅडमची बॅच आहे का ते आधी विचारा.