नेव्ही सूट, कापलेली किनार आणि माझे १४,६०० रुपये

कापडाचे ९,१०० आणि शिलाईचे ५,५००, एकूण १४,६०० गेले. बायकोला अजून नऊच हजार सांगितलेत.

मे महिन्यात पुण्याला मुलाखत होती, म्हणून छत्रपती संभाजीनगरात कापड घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय. काउंटरवरच्या माणसाने नेव्ही ब्लू पीस उलगडला. लांबून साधा निळा, जवळून बघितलं की बारीक टिपक्यांची वीण. याला बर्ड्स आय म्हणतात. मला असंच काहीतरी हवं होतं, भपका नको. "साहेब, प्युअर वूल, सुपर १२०. उन्हाळ्यातही हवा खेळते." सुपर १२० म्हणजे लोकरीचा तंतू किती बारीक, त्याचा आकडा. २,८०० रुपये मीटर, सव्वातीन मीटर.

मी काही अडाणी नाही. चांगल्या कापडाच्या किनारीवर मिलचं नाव विणलेलं किंवा छापलेलं असतं, हे मला माहीत होतं. मी विचारलंही. तो हसून म्हणाला, "कटपीस आहे ना साहेब, किनार निघून गेली, म्हणून तर या भावात." आणि मी मान डोलावली! हीच ती वेळ होती. तिथूनच उठायला पाहिजे होतं. पण त्याने चहा मागवला होता, दुसरं गिऱ्हाईक बघत होतं, आणि भावात घासाघीस करून झाल्यावर उठायची लाज वाटली.

वर पक्कं बिलही घेतलं नाही. "जीएसटी कशाला भरता?" म्हणाला, आणि मी नऊ हजार शंभर रोख मोजले. हातात आली आकडे खरडलेली चिठ्ठी. शिलाईचे तेवढे फोनवरून दिले, तेवढाच पुरावा. तुम्ही रोख देऊ नका.

मुलाखतीच्या दिवशी स्टेशनवरच पाठ चिंब. घाम आत, कोट वर, जणू ताडपत्री पांघरली होती. ट्यूबलाइटखाली छान दिसलेला निळा उन्हात जांभळट चमकत होता. कापड उन्हात नेऊन बघा, दुकानदार नाही म्हणाला तर घेऊच नका.

आई पैठणची. पैठणीचा धागा जाळून रेशीम ओळखणारी बाई. तिने शिवणीतून उरलेला धागा ओढला, काडी लावली. लोकर असती तर केस जळाल्यासारखा वास आला असता आणि राख बोटात चुरली असती. हा वितळला. खाली काळा टणक मणी. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दुकानात गेलो तर, "शिवलेलं कापड परत घेत नाही." चौकीत साहेब म्हणाले, "कापडाची कसली तक्रार? दिवाणी बाब आहे." मापांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने चष्म्यावरून बघून विचारलं, "मीटर बरोबर भरलं का? मग आमचा संबंध नाही." दोन दिवस रजा, तीन चकरा, रिक्षाचे ३४० रुपये, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, बिल कुठंय? अरे, बिल असतं तर तुमच्या दारात उन्हात कशाला उभा राहिलो असतो! फसवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, फसलेल्यालाच उलटतपासणी.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. चिठ्ठी, फोनवरची नोंद आणि जळका धागा पाकिटात जपून ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न आहे. सगळे म्हणतायत, तो नवा निळा सूट घाल की.