एक फ्लॅश, पांढरी ब्युटी डिश आणि खाली सनबोर्ड: बरेच महिने वापरल्यावर

ब्युटी पोर्ट्रेटसाठी चार-चार लाइट लागतात असं जे सांगतात ना, त्यांचं अजिबात ऐकू नका. मी मुख्यतः मेकअप आर्टिस्ट लोकांचे पोर्टफोलिओ आणि ब्रायडल लुक शूट करते, खोली साधारण दहा बाय बाराची, फ्लॅटमधलीच, आणि सगळं काम एका गोडॉक्स एसके४००-टू या स्टुडिओ फ्लॅशवर चाललंय. त्यावर ४२ सेंटीमीटरची पांढरी ब्युटी डिश (फ्लॅशपुढे लावायची उथळ वाडग्यासारखी डिश), बूम स्टँड (आडव्या दांड्याचा स्टँड) आणि फ्लेक्स-बॅनरवाल्याकडून आणलेला पांढरा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, बस.

आधी फ्लॅशबद्दल. ताकद ४०० वॉट-सेकंद आहे, पुढे डिश अडकवायला बोवेन्स माउंट आहे, त्यामुळे डिश, सॉफ्टबॉक्स बाजारात जे मिळतं ते बसतं, बिनतारी सिग्नल घेणारा रिसिव्हर आतच आहे म्हणून कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर लावायचा. पण एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्या, याची पॉवर १/१६ च्या खाली जात नाही. लाइट चेहऱ्यापासून अडीच-तीन फुटांवर असेल तर सगळ्यात कमी पॉवरवर सुद्धा आयएसओ १०० ला ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ किंवा एफ ११ येतं, म्हणजे बरंच लहान. ब्युटीसाठी ते चांगलंच आहे, पापणीपासून कानातल्यापर्यंत सगळं शार्प पाहिजे असतं. पण कुणाला एफ २.८ वर मागचं धूसर करायचं असेल तर लेन्सवर उजेड कमी करणारा तीन-चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). छोट्या खोलीसाठीच घेणार असाल तर २०० वॉट-सेकंदचा पण पुरतो, खरंच.

आता मांडणी. डिश बरोबर कॅमेऱ्याच्या वर, नाकाच्या रेषेत, खाली तिरकी. नाकाखाली छोटी फुलपाखरासारखी सावली आली पाहिजे आणि ती वरच्या ओठाला टेकता कामा नये, एवढं बघितलं की अर्धं काम झालं. हाच तो बटरफ्लाय लाइट, १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत मार्लीन डीट्रिकचे फोटो असे काढायचे म्हणून त्याला पॅरामाउंट लाइट पण म्हणतात. आणि खालून छातीच्या उंचीवर सनबोर्ड आडवा धरला की डोळ्यांखालची, हनुवटीखालची सावली उचलली जाते, याला क्लॅमशेल म्हणतात. बोर्ड किती जवळ यावर सगळा मूड ठरतो. फार जवळ घेतला तर चेहरा सपाट होतो, गालाचं हाड दिसतच नाही, मग मेकअपवालीने गडद शेड लावून एवढं कंटूरिंग केलं ते कशाला. मी काढलेल्या नवरीच्या फोटोत बोर्ड मुद्दाम थोडा लांब असतो.

सोनेरी रिफ्लेक्टर मात्र आपल्या त्वचेवर चेहऱ्यासाठी वापरू नका, हनुवटीखाली पिवळट झाक येते आणि हळद लागल्यासारखी मान दिसते. पांढराच बरा.

मराठी नवरीच्या फोटोत दोन गोष्टी फार त्रास देतात, नथ आणि मुंडावळ्या. वरून एकच लाइट असला की नथीची सावली थेट ओठावर पडते आणि मुंडावळ्यांच्या दोन रेघा गालांवर उमटतात. त्यासाठी डिश थोडी खाली आणायची, बोर्ड नेहमीपेक्षा थोडा जवळ घ्यायचा, आणि मुंडावळ्या कानाच्या मागच्या बाजूला सरकवून हव्या तेवढ्याच पुढे ठेवायच्या. सावली पूर्ण जात नाही पण हलकी होते आणि मग ती छानच दिसते, मोती खरे वाटतात. खड्यांची टिकली असेल तर नवरीला हनुवटी जरा खाली करायला सांगा, नाहीतर कपाळावर पांढरा ठिपका येतो आणि तो एडिटमध्ये काढणं डोकेदुखी आहे.

अंतराचं गणित एकदा डोक्यात बसलं ना की दुसरा लाइट आठवत पण नाही. लाइटपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. डिश चेहऱ्यापासून अडीच फुटांवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे पाच फुटांवर, म्हणजे भिंत लाइटपासून साडेसात फूट, तिप्पट अंतर, नववा हिस्सा उजेड. त्यामुळे माझी पांढरी भिंत फोटोत चक्क गडद राखाडी येते, मागे लावायला वेगळा कागद लागतच नाही. त्याच कारणाने डिश फार जवळ असली की चेहरा उजळ आणि गळ्यातला तन्मणी अंधारात जातो. दागिने दाखवायचे असतील तर डिश मागे घ्या आणि पॉवर वाढवा. त्यात उजेड थोडा कडक होतो, पण दागिन्यांना तो चालतो.

पांढरी की सिल्व्हर डिश, यावर माझं मत ठाम आहे, पांढरी. सिल्व्हरमध्ये चमक जास्त, रोमछिद्रं पण जास्त. बेस एकदम सुरेख असेल तरच सिल्व्हर. आणि सेटिंग पावडरमध्ये सिलिका जास्त असेल तर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे पट्टे येऊ शकतात, आरशात ते दिसत नाहीत, म्हणून मेकअप संपण्याआधीच एक टेस्ट शॉट घ्या, ती सवय लावूनच घ्या.

सावळ्या त्वचेबद्दल मला मनापासून सांगायचंय. एक्सपोजर वाढवून मुलीला गोरी करायचा हट्ट सोडा. सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जो तेजाचा पट्टा येतो ना, त्यानेच चेहऱ्याला आकार मिळतो. ही पांढरी डिश तो पट्टा इतका सुंदर देते, पावडर मारून तो मारू नका. "जरा उजळ करून द्या ना" असं घरचे म्हणतात तेव्हा मी आधी स्क्रीनवर न बदललेला फोटो मोठा करून दाखवते, बहुतेक वेळा मुलगीच म्हणते की हाच ठेवा.

डोळ्यांसाठी एक गोष्ट, मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधलाच सतत जळणारा बल्ब, चालू ठेवा. उजेड असला की बाहुली लहान होते आणि डोळ्यांचा तपकिरी रंग दिसतो. १५० वॉटचा बल्ब आहे, बंद खोलीत उकडतं, शूटच्या मधे बंद करा. १/१६० शटर, एफ ८ ला त्याचा पिवळेपणा फोटोत येत नाही. घरातली ट्यूबलाइट मात्र बंदच ठेवा.

रील्स, व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर हा सेटअप घेऊ नका, फ्लॅशचा तिथे उपयोग शून्य, सरळ बोवेन्स माउंटचा चांगला एलईडी घ्या, डिश त्यावर पण बसते. आणि बूम स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाकल्याशिवाय डिश कुणाच्या डोक्यावर नेऊ नका, एवढं वजन पुढे झुकलेलं असतं आणि खाली माणूस बसलेला असतो.