पणजीत तीन रात्री: फोंताईनासचं छोटं बुटीक की मिरामारकडचं मोठं हॉटेल?

भाचीला तिच्या आई-बाबांना, म्हणजे माझ्या ताई-भावजींना, लग्नाच्या वाढदिवसासाठी पणजीला पाठवायचंय आणि या दोन पर्यायांवर तिचं अडलंय. फोंताईनास ही पणजीतली पोर्तुगीज काळातली जुनी वस्ती, मिरामार हा समुद्रकिनाऱ्याचा भाग; आणि बुटीक म्हणजे इथे मोजक्या खोल्यांचं छोटं हॉटेल. जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवू.

आधी पैसे. भाड्याबरोबर कर पाहा. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, ७,६०० ची थेट ८,९६८ ला! बुटीक म्हणजे स्वस्त असं मात्र धरून चालू नका.

जागेच्या बाबतीत फोंताईनासला तोड नाही. दाराबाहेर पडताच रंगीत जुनी घरं, सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल, आणि कदंब बसस्थानकही ओरे खाडीपलीकडे चालत जाण्याइतकं जवळ. मिरामारहून इथे यायचं तर दर वेळी टॅक्सी, आणि गोव्यात ती महाग पडते.

आराम मात्र नीट विचारून घ्या. पोर्तुगीज काळातल्या घरांत लाकडी जिने असतात, लिफ्ट बहुधा नसते, वरच्या मजल्यावरची पावलं खाली ऐकू येतात. गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, आणि दिवसभर खिडकीखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मोठ्या हॉटेलात लिफ्ट, पोहण्याचा तलाव, रात्री-अपरात्री जेवण.

ताईचे गुडघे दुखत असतील किंवा स्वतःची गाडी नेणार असतील, तर मोठं हॉटेल. दोघांना चालायची आवड असेल तर बुटीकच घ्या. खोली तळमजल्यावरची, अंगणाच्या बाजूची मागा.