‘ताई, तुम्हाला टॅक्स झिरो’

मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून दिरांनी व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला. खाली एवढंच, "वहिनी, तुमच्या नावाने आलंय, महत्त्वाचं दिसतंय." पत्र आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं होतं, कोपऱ्यात सीपी ५९ असा नंबर. मजकूर असा, की २०२३ सालचं तुमचं रिटर्न आमच्याकडे आलेलं नाही. मला हसूच आलं. त्या रिटर्नची पीडीएफ माझ्या लॅपटॉपमध्ये होती, रंगीत मुखपृष्ठासकट, आणि ते भरल्याचे पैसेही मी रोख मोजले होते.

संध्याकाळी आयआरएसच्या साइटवर माझं खातं उघडून ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडची माझी नोंद काढली. २०२३ चं रिटर्न नाही. मग २०२४ चं बघितलं. तेही नाही. हसू तिथे संपलं.

मी मूळची नाशिकची. बारा वर्षं न्यू जर्सीत काढली, २०१७ पासून अमेरिकन पासपोर्ट. जानेवारी २०२३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दुबईला आलो. माझं काम फ्रीलान्सिंगचं, क्लायंट सगळे अमेरिकेतले. नवऱ्याच्या व्हिसावर राहता आलं असतं, पण त्याची नोकरी गेली तर माझंही बस्तान उठणार, म्हणून मी स्वतःचा इथला, अमिरातीचा ग्रीन व्हिसा काढला. पाच वर्षांचा, कुठल्या कंपनीच्या स्पॉन्सरशिपची गरज नाही.

तो व्हिसा ज्याने करून दिला, तोच या गोष्टीतला ‘सर’. करामाला छोटं ऑफिस, बोलणं गोड, मराठी आपल्याकडचंच. ओळख एका घरच्या गणपतीच्या आरतीला झालेली. व्हिसाचं काम त्याने चोख केलं, हे सांगायलाच हवं. मेडिकल, एमिरेट्स आयडी, कशातही एक फेरी जास्त पडली नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळे झाकून त्याच्या हातात दिलं.

तो म्हणाला, "ताई, इथली रेसिडेन्सी झाली की अमेरिकेचा संबंध संपला. तुम्हाला टॅक्स झिरो."

हे पटलं, कारण आपल्या डोक्यात एनआरआयचं गणित पक्कं बसलेलं असतं. भारतात अमुक दिवसांपेक्षा कमी राहिलात की बाहेरच्या कमाईवर तिथे कर नाही. अमेरिका दिवस मोजत नाही, पासपोर्ट बघते. नागरिक जगात कुठेही राहो, जगभरच्या कमाईचा हिशेब आयआरएसला द्यायचा. असा हट्ट धरणारा दुसरा देश म्हणजे इरिट्रिया. ग्रीन कार्डवाल्यांनाही हेच लागू. मला हे ऐकून माहीत नव्हतं असं नाही. पण समोरचा माणूस फाइल उघडून फॉर्म २५५५ दाखवत होता, आणि तो फॉर्म खरा होता.

इथे जरा थांबते, कारण फसवणूक नेमकी इथे आहे. अमेरिकेबाहेर राहून कमावणाऱ्या नागरिकाला फॉर्म २५५५ भरून ठरावीक रकमेपर्यंतची कमाई इन्कम टॅक्समधून वगळता येते. २०२३ साठी ती मर्यादा १,२०,००० डॉलर होती, २०२४ साठी १,२६,५००. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात काढलेले असले की एक अट पुरी होते, आणि नाशिकला काढलेले दिवसही परदेशातलेच धरतात. माझी खर्च वजा जाता कमाई २०२३ मध्ये ९०,००० डॉलर, पुढच्या वर्षी ९६,०००. म्हणजे इन्कम टॅक्स खरंच शून्य. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही, रिटर्न भरून मागावी लागते.

आणि सर जिथे थांबला, त्याच्या पुढच्याच ओळीत सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स आहे. नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन आणि मेडिकेअर म्हणजे म्हातारपणचा आरोग्य विमा, यांचा अर्धा वाटा कापला जातो, अर्धा मालक भरतो. स्वतःचा धंदा असलेल्याने दोन्ही अर्धे भरायचे, मिळून १५.३ टक्के, तेही निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्के रकमेवर. फॉर्म २५५५ ची सवलत या कराला लागत नाही. वर्षाला निव्वळ ४०० डॉलर कमाई झाली की तो सुरू. काही देशांशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा करार आहे, तिथे राहणारे एकाच देशात भरून सुटतात. अमिरातीशी असा करार नाही. भारताशीही नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक बाई राहतात, त्याही अमेरिकन नागरिक, पण इथल्या कंपनीत नोकरीला. त्यांना खरंच काही भरावं लागत नाही. त्यांची मालक कंपनी अमेरिकन नाही, त्यामुळे सोशल सिक्युरिटीचा प्रश्न येत नाही, आणि पगार मर्यादेच्या आत. सराने मला त्यांचंच उदाहरण दिलं होतं. पासपोर्ट तोच, बिल्डिंग तीच, लिफ्टसुद्धा तीच! मी फ्रीलान्सर, एवढाच फरक. ज्या स्वतंत्र व्हिसाचा मला अभिमान होता, त्याच्या पोटातच हा कर बसला होता, आणि तो व्हिसा काढून देणाऱ्याला ते माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

मग टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट. त्याचे वेगळे पैसे घेतले. सर्टिफिकेट अस्सल, इथल्या फेडरल टॅक्स ऑथॉरिटीचं. माझ्या नवऱ्याला, भारतीय पासपोर्टवर, दुहेरी कर टाळायच्या भारत-अमिरात करारासाठी ते उपयोगी पडतं. अमेरिका आणि अमिराती यांच्यात इन्कम टॅक्सचा तसा करारच नाही. मी ते फ्रेम करून ठेवलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

तिसरी गोष्ट आईच्या खात्याची. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हा आईने नाशिकच्या बँकेत खात्याला आणि एफडीला माझं नाव जोडलं. पैसे तिचेच, साधारण अठरा लाख. पण परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो, आणि जोडखात्याची पूर्ण रक्कम त्यात धरतात. मी सराला विचारलं होतं, "आईच्या खात्याचं काय करायचं?" त्याचं उत्तर अजून फोनमध्ये आहे, "सोडा हो ताई, इंडियाचं कोण बघतंय." दुबईच्या खात्यांचा एफबार भरला म्हणून ८०० दिरहम घेतले. भरला नव्हता. तो फॉर्म ऑनलाइन, फुकट भरता येतो, हेही नंतर कळलं.

आता पीडीएफ बघते तेव्हा सगळं उघड्यावर दिसतं. फॉर्म १०४० च्या शेवटी पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याची चौकट असते. तिथे त्याने सही करायची आणि आपला पीटिन, म्हणजे आयआरएसकडचा नोंदणी क्रमांक, लिहायचा. माझ्या दोन्ही पीडीएफमध्ये ती चौकट कोरी. ई-फाइल करायच्या आधी फॉर्म ८८७९ वर माझी सही घ्यावी लागते, ती कधी घेतलीच नाही. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचं पान, शेड्यूल एसई, जोडलेलंच नाही. मी फक्त शेवटचा आकडा बघितला, शून्य, आणि फाइल बंद केली.

सराला फोन केला. "ताई, सिस्टिम अपडेट व्हायला वेळ लागतो, मी बघतो." आठवड्याने नंबर बंद. करामाला गेले तर त्या गाळ्यात अत्तरांचं दुकान. शेजारचा मल्याळी टेलर म्हणाला, तुम्ही पाचव्या आहात.

आयआरएसच्या साइटवर रिटर्न करून देणाऱ्या परवानाधारकांची यादी आहे. त्यातून टेक्सासच्या एक एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा परवाना असलेल्या कर सल्लागार मिळाल्या. त्यांनी पहिल्याच कॉलवर एंगेजमेंट लेटर, म्हणजे कामाच्या अटींचं पत्र, आणि आपला पीटिन पाठवला, मी मागायच्या आधी. त्यांनी स्ट्रीमलाइन्ड प्रोसिजरचा, म्हणजे मुद्दाम न करता राहिलेलं भरून टाकायचा रस्ता सांगितला. मागच्या तीन वर्षांची रिटर्नं, सहा वर्षांचे एफबार, थकलेला कर आणि व्याज. बाहेर राहणाऱ्याला उशिराचा दंड नाही. तपासणी सुरू झालेली असती तर हा रस्ता बंद होता, माझं प्रकरण पत्रावरच होतं म्हणून वाचले. २०२३ चे १२,७१७ डॉलर, २०२४ चे १३,५६४. व्याज वेगळं. नाशिकच्या फ्लॅटसाठी साठवलेले त्यात गेले. त्या बाई समजूत काढायला म्हणाल्या, सोशल सिक्युरिटीची तुमची क्रेडिट्स तरी जमा झाली.

सगळ्यात जड गेला फॉर्म १४६५३. त्यात हे मुद्दाम केलं नाही, हे खोट्या साक्षीच्या शिक्षेला बांधील राहून आपल्या शब्दांत लिहायचं असतं. आईच्या खात्याचा माझा तो प्रश्न मी लपवावा की दाखवावा, यावर दोन रात्री गेल्या. विचारला म्हणजे मला शंका होती. शंका होती तर दुसऱ्या कुणाला का विचारलं नाही? एजंटबाई म्हणाल्या, जसं झालं तसं लिहा. लिहिलं. २०२१ आणि २०२२ चे एफबार तर माझ्या न्यू जर्सीतल्या वर्षांचे, त्याला सर जबाबदार नाही, तेही लिहिलं. स्क्रीनशॉट जोडला, खाली इंग्रजी भाषांतर.

त्याच्याविरुद्ध आयआरएसकडे तक्रार करायला फॉर्म १४१५७ आहे. तो समोर उघडून ठेवलाय. त्यात रिटर्न करून देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पीटिन विचारलाय. माझ्याकडे एक बंद नंबर आहे, अत्तराच्या दुकानाचा पत्ता आहे, आणि नावाच्या जागी आम्ही सगळे त्याला सर म्हणायचो.